वरचा रस्ता, खालचा रस्ता

शुक्रवार

लिंब खिंड मागे पडली की एसटीच्या उजव्या खिडकीत अजिंक्यतारा येतो. माथा सपाट, त्यावर टीव्हीचा मनोरा, आणि आज मनोऱ्याच्या निम्म्यापर्यंत ढग. सप्टेंबर संपत आला तरी पाऊस हटायला तयार नाही. बसमधली बरीच मंडळी कासची फुले बघायला निघालेली. कुणाचे बुकिंग कितीचे, पार्किंगपासून चालायचे किती, घाटात गर्दी लागेल का, याच गप्पा चाललेल्या. शेजारच्या काकांनी मला विचारले, "तुम्ही पण कासला का?" म्हटले, नाही, साताऱ्यातच. "कुणाकडे कार्य आहे का?" म्हटले, नाही, रस्ता बघायचाय. ते पुढे काही बोलले नाहीत.

मावशी मंगळवार पेठेत राहते. स्टँडवरून रिक्षा केली असती तर चटकन पोचलो असतो, पण पाठीला एक पिशवी सोडून सामान नव्हते आणि उजेडही होता. पोवई नाक्यापर्यंत आलो. मधोमध शिवाजी महाराजांचा पुतळा आणि जमिनीच्या पोटात ग्रेड सेपरेटर. २०२१ पासून गाड्या खालून भुयाराने सुटतात. इथून गावाकडे, म्हणजे पश्चिमेला, दोन रस्ते फुटतात. पाटीवर एक राजपथ आणि दुसरा कर्मवीर पथ. लोकांच्या तोंडी मात्र वरचा रस्ता आणि खालचा रस्ता. दोन्ही थोडेफार समांतर जातात आणि मोती चौकापाशी, राजवाड्याच्या अलीकडे, पुन्हा एकमेकांना येऊन मिळतात.

दक्षिणेला किल्ल्याचा डोंगर, उत्तरेला वेण्णा, आणि गाव मधल्या उतारावर. हे दोन्ही रस्ते उताराला आडवे टाकलेत, म्हणून त्यांच्यावरून चालताना गाव सपाट वाटते. पण कुठल्याही बोळात डोके घाला, बोळ एक तर चढतो नाही तर उतरतो. आताच एक सर पडून गेली होती. डावीकडच्या प्रत्येक बोळातून गढूळ पाण्याचा ओघळ येत होता, वरचा रस्ता ओलांडत होता आणि उजवीकडच्या बोळात शिरून खालच्या रस्त्याकडे पळत होता. मी चालत होतो पूर्व-पश्चिम आणि पाणी चालले होते दक्षिण-उत्तर. साताऱ्याचा हा रस्ता त्याच्या लांबीवरून कळायचा नाही, तो पाण्याच्या दिशेने बघायला हवा, असे तिथेच वाटून गेले.

मावशीने दार उघडल्या उघडल्या विचारले, "चालत आलास? वरनं आलास का खालनं?" तब्येत, बायको, पोरे हे सगळे त्यानंतर. जेवायला वाघ्या घेवड्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. काका, म्हणजे मावशीचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या कामांवर ओव्हरसियर होते. उभी हयात पाइप टाकण्यात गेली. मी काय बघायला आलोय हे ऐकून ते म्हणाले, "वाडे बघायचेत ना, बघ की. पण जोती बघ, घराखालचे चौथरे. वरचं नक्षीकाम काय, कुणी पण दाखवतं."

शनिवार

सकाळी आधी किल्ल्यावर गेलो. गाडीरस्ता आहे, दरवाजापर्यंत चढायला त्रास नाही. वर धुके इतके दाट की मंगळाईच्या देवळाची घंटा आधी ऐकू आली आणि देऊळ मागाहून दिसले.

किल्ला शिलाहार भोजाच्या काळचा मानतात, पण गावाची गोष्ट सुरू करायची तर १६९९ पासून करावी. त्या वर्षाच्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसला. त्याचा तळ उत्तरेला करंज्याच्या बाजूला होता, आणि वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. १७०० च्या एप्रिलमध्ये मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग उडवले. त्यातला एक असा काही उडाला की तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि हल्ल्यासाठी तयार उभी असलेली मोगलांची माणसेच ढिगाऱ्याखाली गेली. तरी त्याच महिन्यात किल्ला त्यांना मिळाला. त्यांनी त्याचे नाव ठेवले आझमतारा. ताराबाईच्या माणसांनी तो परत घेतल्यावर झाला अजिंक्यतारा. पुढे औरंगजेबाच्या मरणानंतर मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूने तो ताराबाईकडून घेतला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी इथे स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला.

शाहू आधी किल्ल्यावर राहिला, मग खाली उतरला, आणि पायथ्याला शाहूनगर वसले. राजा डोंगरावरून खाली आला म्हणून हे शहर झाले. त्यामुळे पेठा भरल्या त्या वरून खाली, नदीकडून वर नव्हेत. वारांच्या पेठा पुण्यासारख्याच, पण त्यांच्या जोडीला यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, रघुनाथपुरा, बसाप्पा ही नावे खास इथली. हे सगळे मी धुक्यात उभा राहून आठवत होतो. नऊच्या सुमाराला ढग फाटले आणि खाली गाव दिसले. पत्रे, कौले, निळ्या ताडपत्र्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, आणि त्यातून भांग पाडल्यागत गेलेल्या दोन रेघा.

उतरून वरच्या रस्त्याला लागलो. शाहू चौकापासून कमानी हौदापर्यंतचा पट्टा भरभर उरकला, कारण तिथे बहुतेक बांधकाम नवे आहे. मधूनच एखादी इमारत इंग्रजी अमदानीतली, विटांच्या कमानींची आणि गॅलरीला बिडाचा कठडा असलेली. १९६० नंतरच्या बऱ्याच इमारतींच्या बाल्कन्यांना सिमेंटची जाळी आहे. तिला कुणी वारसा म्हणत नाही, पण आणखी तीस वर्षांनी म्हणतील. कमानी हौदापाशी थांबलो. जुन्या साताऱ्याला पाणी मिळायचे ते असल्या हौदांतून. गावाच्या पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर. तिथले झरे बांधून खापरी नळांनी पाणी गावात आणलेले आणि पेठापेठांतून हौद काढलेले. पंचपाळी हौद आहे, आणि वाड्यांच्या चौकांतले खासगी हौद तर किती तरी असतील. पंप नाही की मोटर नाही. पाणी आपल्या वजनानेच येणार, म्हणून हौद कुठे बसवायचा हे उतार ठरवणार, आणि हौद जिथे तिथे चौक आणि चौक जिथे तिथे बाजार. आजही वरच्या रस्त्याच्या थांब्यांची नावे घेत निघालो की त्यात हा हौद लागतोच.

दुपारी काका मला त्यांच्या ओळखीच्या एका वाड्यात घेऊन गेले. देवी चौकाच्या पुढे, दोन रस्त्यांच्या मधल्या एका बोळात. नाव-पत्ता सांगत नाही, कारण आजी तिथे एकट्याच असतात आणि त्यांनी तशी ताकीदच दिली आहे.

आधी बोळातून भिंतीकडेने उतरलो. काकांनी सांगितलेले जोते बघितले. काळ्या घडीव दगडाचे, थरावर थर अगदी ओळंब्यात. वरच्या टोकाला ते माझ्या गुडघ्याएवढे होते आणि तेच जोते, तीच वरची रेघ न मोडता, खालच्या टोकाला माझ्या डोक्याच्या वर गेले. म्हणजे घर एका पातळीत ठेवून उतार सगळा दगडात जिरवलेला. खालच्या अंगाला त्या दगडातच एक बुटके दार. ते तळघराचे. वरच्या दिंडी दरवाजातून आत शिरलो तर जो तळमजला, तो खालच्या बोळातून बघितला तर पहिला मजला. पूर्वी खालच्या दाराने धान्य यायचे, वरच्याने माणसे.

"पाय पुसून या हो," आजी आतूनच म्हणाल्या. देवडी ओलांडली की चौक. चौकाच्या चारी अंगांना सोपे, म्हणजे पुढून उघड्या ओसऱ्या, उत्तरेचा थोडा खाली उतरलेला. खांब सागवानी, सुरूच्या घाटाचे, तळाशी दगडी तळखडे. खांबाच्या माथ्यावर कोरलेले केळफूल, त्यातून दोन्हीकडे निघालेले हस्त, म्हणजे लाकडी आधार, त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचे छत. केळफुलाच्या पाकळ्या एका खांबावर अगदी धारदार होत्या आणि शेजारच्यावर बोथट. कारागीर दोन असतील, किंवा एकाच्या पुढ्यात दिवा होता आणि दुसऱ्याच्या नव्हता. तेलपाण्याने लाकूड काळेकुळकुळीत झालेले. एका खांबाला माणसाच्या कंबरेच्या उंचीवर गुळगुळीत खळगा पडलेला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाठ टेकून लोक बसत आलेत. आजीही तिथेच बसल्या.

खालचे मजले दगड आणि पातळ भाजक्या विटा चुन्यात, आतल्या भिंती मात्र पांढऱ्या मातीच्या, हात-दीड हात जाड. कोनाडे त्या जाडीतच कोरलेले. छपरावर मंगलोरी कौले. शाकारणीच्या वेळी उतरवलेली काही परसात रचून ठेवली होती. एक उलटे करून बघितले. पोटावर इंग्रजी अक्षरांत बासेल मिशनचा ठसा आणि १८६५. आजी म्हणाल्या, "तेच साल वाड्याचं." तसे ते नसते. ते मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे साल, आणि नंतर किती तरी वर्षे काढलेल्या कौलांवरही तेच छापलेले असायचे. साताऱ्याच्या वाटेवर रेल्वे आली १८८० च्या दशकात, तीही गावापासून लांब. एवढ्या वजनाची कौले बहुधा त्यानंतरची. त्याआधी या वाड्यावर नळीची कौले असणार. पण मी काही बोललो नाही. काकाही बोलले नाहीत, फक्त चहाच्या कपात बघत राहिले.

खरी गंमत मागच्या अंगाला होती. डोंगराकडच्या भिंतीला लागून, घराच्या आत, वीतभर रुंदीची दगडी नाली. वरून झिरपून येणारे पाणी भिंतीत शिरण्याआधी ती पकडते, सोप्याखालून नेते आणि खालच्या बोळात सोडते. बाहेर पाऊस पडत होता आणि नाली वाहत होती. आत कुठेही ओल नव्हती.

"शेजारचा वाडा पाडला, तिथं सहा मजली झालं," आजी म्हणाल्या. "त्यांच्या खालच्या पार्किंगमधनं दिवाळीपर्यंत पाणी काढतात."

जाताना त्या इमारतीकडे बघितलेच. उतार खोदून सपाट केला, मागे काँक्रीटची भिंत उभी केली, आणि पाण्याला वाट ठेवली नाही. भिंतीतून चार ठिकाणी ओघळ फुटले होते. जुने ते सगळे सोने असे मी म्हणणार नाही. आजींच्या वाड्यात संडास परसाच्या टोकाला आहे, जिना इतका उभा की त्यांनी माडीवर जाणे सोडून दिलेय, भाऊबंदांच्या वाटण्यांमुळे पूर्वेचा सोपा कुलूपबंद आहे, आणि कौले शाकारायला माणूस मिळत नाही. मुलगा म्हणतो पाडू या, तर त्याचेही चूक नाही. पण पाडणाऱ्याने ती नाली तरी नव्या नकाशात घ्यावी.

बाहेर पडून मोती चौकात आलो. इथे दोन्ही रस्ते, खण आळी आणि राजवाड्याकडची गर्दी एकाच ठिकाणी लोटते. कंदी पेढे घ्यायला थांबलो होतो, पण दुकानाच्या मागच्या बाजूला कढई दिसली म्हणून आत डोकावायची परवानगी मागितली. खवा मंद आचेवर परतत होते. पांढऱ्याचा पिवळट, पिवळटाचा तांबूस होईपर्यंत उलथणे थांबत नाही. साखर त्यात बेताचीच. परतण्यात खव्यातले पाणी निघून जाते, म्हणून हा पेढा टिकतो आणि म्हणूनच तो मऊ लुसलुशीत नसतो. पुण्यातले लोक त्याला कोरडा म्हणतात, त्यांचे त्यांना लखलाभ. कारागिराच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. किती वेळ परतायचे म्हणून विचारले तर म्हणाला, "वास सांगतो की."

रविवार

राजवाड्यासाठी रविवार मुद्दाम ठेवला होता, रहदारी कमी असेल म्हणून. तसे काही झाले नाही. कासला जाणाऱ्या गाड्या समर्थ मंदिराच्या रोखाने इथूनच जातात, आणि सकाळी आठलाच गोलबागेला वेढा पडलेला.

गोलबागेत प्रतापसिंह महाराजांचा पुतळा आहे. मागे जुना राजवाडा आणि त्याला लागून नवा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंहाला साताऱ्याच्या गादीवर बसवले, १८१९ मध्ये तह केला, आणि आपला दरबारी प्रतिनिधी, रेसिडेंट, म्हणून जेम्स ग्रँट, म्हणजे पुढचा मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ, इथे ठेवला. या राजाला बांधकामाचा नाद होता. जुना राजवाडा १८२४ च्या सुमाराचा. रस्ते रुंद केले, महाबळेश्वरची वाट बांधली, प्रतापगंज पेठ वसवली. आज ज्या रेषेवरून मी दोन दिवस हिंडतोय तिच्या पश्चिम टोकाला राजाची गादी होती आणि पूर्वेला, पोवई नाक्यापलीकडच्या कॅम्पात, रेसिडेंट. मधला रस्ता दोघांचा. पत्रे, पालख्या, हेर, वकील सगळे इथूनच ये-जा करत असणार.

१८३९ च्या सप्टेंबरात इंग्रजी फौज कॅम्पातून निघून याच वाड्याला येऊन भिडली. इंग्रजांविरुद्ध कट केल्याचा आरोप ठेवून प्रतापसिंहाला पदच्युत केले, आधी लिंब गावात ठेवले आणि मग काशीला धाडले. तिथेच १८४७ मध्ये तो वारला. त्याची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे भांडत राहिले. इकडे गादीवर आलेला धाकटा भाऊ शहाजी, म्हणजे आप्पासाहेब. नवा राजवाडा पुरा झाला तो त्याच्या कारकिर्दीत, १८४४ च्या सुमाराला. १८४८ च्या एप्रिलमध्ये शहाजी वारला, मरणाआधी घेतलेले दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने मानले नाही, आणि सातारा खालसा झाले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने घेतलेले हे पहिले राज्य. म्हणजे एवढा थोरला वाडा बांधून झाल्यावर राजाला तो जेमतेम चार वर्षे लाभला.

त्यानंतर वाड्याचे काय झाले, ते मला त्याच्या बांधणीइतकेच महत्त्वाचे वाटते. नव्या राजवाड्यात जिल्हा न्यायालय भरू लागले. जुन्यात सरकारी हायस्कूल, १८५१ मध्ये सुरू झालेले, आजचे प्रतापसिंह हायस्कूल. राजाच्या वाड्यात फिर्यादी, पक्षकार, कारकून, पोरे येऊ लागली. रोज झाडलोट होत होती, छत गळले तर कुणी तरी अर्ज करत होते. इमारतीला राजा लागतोच असे नाही, रोज कुलूप काढणारा माणूस लागतो. न्यायालय सदर बझारला गेल्यावर नव्या राजवाड्याची कळा कशी उतरली हे साताऱ्यातले कुणीही सांगेल. मी बाहेरून फिरून बघितले. जोते भक्कम, कोपऱ्यांचे दगड जागच्या जागी. लाकूड मात्र पावसाच्या तोंडी. एका खिडकीच्या चौकटीत पिंपळ दंडाएवढा जाड झालाय. दुरुस्तीच्या बातम्या अधूनमधून वाचतो. पिंपळ काही त्या वाचत नाही.

शाळेच्या बाजूला आलो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथे इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. राज्य सरकारने २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून ठरवला. वडील रामजी सैन्यातून निवृत्त होऊन कुटुंब घेऊन साताऱ्यात राहिले होते, आई भीमाबाई इथेच वारल्या. राहणे कॅम्पाच्या बाजूला, सदर बझारात. शाळा राजवाड्यात. म्हणजे नऊ वर्षांचे पोर रोज शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत यायचे, बहुधा याच दोनांपैकी एका रस्त्याने. आणि वर्गात बसायला स्वतःचे गोणपाट घरून आणायचे आणि परत न्यायचे, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावत नसे. पाण्याचे तर विचारूच नका. हौदांच्या या गावात, जिथे पाणी आपोआप खाली येते, तिथे शाळेतले पाणी या मुलाला दुसऱ्याने वरून ओतल्याशिवाय मिळत नव्हते. शुक्रवारपासून मी हौद, नळ आणि नाल्या यांचे कौतुक करत हिंडत होतो. त्यात ही नोंद राहून गेली असती तर ते कौतुक अर्धवटच होते.

खालच्या रस्त्याला कर्मवीरांचे नाव दिले ते योग्यच झाले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसणारे बोर्डिंग चालवले. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजी येऊन त्या बोर्डिंगला कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे नाव देऊन गेले. शिपायाने गोणपाटाला हात न लावण्याला तेव्हा तीस वर्षेसुद्धा झाली नव्हती.

संध्याकाळी खालच्या रस्त्याने पोवई नाक्यापर्यंत गेलो आणि वरच्याने परत आलो. 'पाचशे एक पाटी' म्हणतात त्या ठिकाणी भेळ खाल्ली. खालच्या रस्त्यावर जोती उजव्या-डाव्या बाजूला वेगवेगळी दिसतात: डोंगराकडच्या घरांना तीन-चार पायऱ्या चढून जावे लागते, नदीकडच्या दुकानांत रस्त्यावरूनच थेट आत. एकदा लक्षात आले की मग दुसरे काही दिसतच नाही. मावशी म्हणाली, "आता तू पण काकांसारखाच झालास. लग्नात गेला तरी मांडवाचं पाणी कुठं जातंय ते बघत बसतो हा माणूस."

सोमवार

जायच्या दिवशी काकांनी स्कूटर काढली. आधी यवतेश्वर. घाटात वळणावर थांबून त्यांनी हाताने सगळे गाव आखून दाखवले. इथून झरे, तिकडून कासचे पाणी. कासचा तलाव इंग्रजांच्या काळातला, आणि तिथून उघड्या पाटाने डोंगराच्या कडेकडेने पाणी साताऱ्याला यायचे. पाटाच्या जागी पाइप आले, अलीकडे धरणाची उंचीही वाढवली, पण पाणी अजून उतारानेच येते. शहापूरच्या योजनेचे मात्र उरमोडी नदीतून उचलावे लागते, पंप लावून. "वीज गेली की शहापूर बंद. कास कधी विजेसाठी थांबत नाही," असे सांगताना काकांचा आवाज चढला. जणू त्यांनीच ते शोधून काढले होते.

तिथून गाव ओलांडून थेट माहुली. उताराचे हे खालचे टोक, कृष्णा-वेण्णा संगम. विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधले, आणि काळा दगड पाण्याशी कसा वागवावा हे इथला घाट बघितला की कळते. पायऱ्या सांध्यात हललेल्या नाहीत. गावात ज्या गवंड्यांनी जोती लावली त्यांचेच भाऊबंद इथे राबले असतील. राजघराण्यातल्यांच्या समाध्याही इथेच. डोंगरावर राज्याभिषेक झालेला शाहू १७४९ च्या डिसेंबरात वारला, आणि शेवटी या काठाला आला.

त्याच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी इथे दाखवतात. शिकारीत त्याने राजाला वाघापासून वाचवले, मग राजाने त्याला पालखीचा मान दिला अशी कथा. दगडी कुत्रा बसलेला आहे, कान झिजलेले. आम्ही तिथे असताना एक रिक्षावाला दोन पाहुण्यांना घेऊन आला. देऊळ दोन वाक्यांत आटोपले, समाध्या एका वाक्यात, आणि खंड्यापाशी मात्र दहा मिनिटे रमला. वाघ कुठून आला, खंड्या कसा भुंकला, महाराज काय म्हणाले, सगळे आवाज काढून. पाहुण्यांनी विचारले, रामशास्त्री प्रभुणे इथलेच ना? "असतील की," तो म्हणाला, "पण खंड्या तर इथलाच."

काकांनी घाटाच्या खालच्या पायरीवर वाकून दगडातल्या एका भोकात बोट घातले, ते पाणी जायचे तोंड आहे याची खात्री केली, आणि मग मला स्टँडवर सोडायला निघाले.